मामाजी, तुम्ही बसवलेला डबा

मामाजी, आज गाडी बाहेर काढली. तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि सतरा दिवस ती अंगणात जुनी चादर पांघरून उभी होती. बटण दाबलं, सुरू झाली. तुम्ही असता तर ओट्यावरूनच ओरडला असता, "सकायची पयली किक पायानं मारत जाय वं, बॅटरीचा जीव घेशीन!" तुम्ही नाही म्हणून बटण दाबलं, असं समजू नका. तुम्ही होतात तेव्हाही, तुम्ही आंघोळीला गेलात की मी बटणच दाबायची. हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

या दिवसांत घरी खूप माणसं येऊन गेली. धामणगावहून तुमच्या कापसाच्या जिनिंगमधली जुनी मंडळी आली. मशीनचा नुसता आवाज ऐकून कोणता पट्टा ढिला झालाय ते हा माणूस सांगायचा, असं ते एकमेकांना सांगत होते. मी चहा देता देता ऐकत होते. त्यांचा तो फिटर मी पाहिलेलाच नाही. मी लग्न होऊन अमरावतीला या घरात आले तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी पाहिला तो माणूस अंगणात पोत्यावर बसून, गाडीच्या शेपटाखाली मान घालून, मागे न बघता हात पसरायचा आणि म्हणायचा, "दहाचा पाना." मी बाराचा दिला तर त्याला हातात घेताच कळायचं. पाना न बोलता परत यायचा.

सासरा आणि सून यांच्यात बोलण्यासारखं असतं तरी काय? पहिली पाच-सहा वर्षं आपण जेमतेमच बोललो. "चहा ठेवू?" "ठेव." "भाजी कोणती?" "कोणतीबी." तुमचा मुलगा रोज बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला नोकरीला अपडाउन करणारा, त्याचंही तुमच्याशी बोलणं तेवढंच. आपलं बोलणं सुरू झालं ते माझ्या नोकरीमुळे.

लॅबसाठी गावोगाव जाऊन रक्त काढायचं, नळ्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या आणि दुपारच्या आत अमरावतीला आणून द्यायच्या, हे माझं काम. नातेवाइकांना त्याचं नवल वाटायचं. तुम्ही एकदाच विचारलंत, "सुई नीट टोचता येते काय?" मी हो म्हटलं. "मंग झालं तं," म्हणालात आणि पेपर उघडलात. पुढे पावसाळ्यात माझी स्कूटी कुऱ्हा गावाच्या पलीकडे काळ्या मातीत बसली आणि चार माणसांनी उचलून काढली, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तुमच्या गाडीची किल्ली माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलीत. "चाक मोठं हाय," एवढंच म्हणालात.

गिअरची गाडी मला येत नव्हती. तुम्ही शिकवलीत, पण मागे बसला नाहीत. मैदानात तुम्ही शेजारून चालत राहिलात, नंतर पळत राहिलात, सत्तरीला आलेला माणूस, एका हातानं धोतराचा काष्टा धरून, "क्लच सोड! हयूहयू सोड! अवं हयू म्हटलं ना!" लोक थांबून पाहत होते. मी म्हटलं, मामाजी, मागे बसून सांगा ना. तुम्ही म्हणालात, "मी कोणाच्याच मांगं बसत नाही." मला वाटलं, सुनेच्या मागे बसायची लाज वाटत असेल. कितीतरी दिवस मी तसंच समजत होते.

मग ती सकाळ आली. दोन दिवाळ्यांपूर्वीची. एका गावात शाळेच्या व्हरांड्यात एकोणीस माणसांचं रक्त काढलं, सगळी उपाशीपोटी येऊन बसलेली. पेटी नेहमीसारखी मागच्या सीटवर ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधली. गावाबाहेरच्या पुलावर गाडी आदळली, पट्टी तुटली आणि पेटी रस्त्यावर गडगडत गेली. झाकण उघडलं. नऊ नळ्या फुटल्या. ज्या फुटल्या नाहीत त्याही इतक्या खळबळल्या होत्या, की त्यातून आकडा चुकीचाच आला असता. मला परत जावं लागलं. यशोदाबाई म्हणून एक म्हातारी होती, शेजारच्या वस्तीवरून पायी आलेली. तिनं नुकतीच भाकर खायला घेतली होती. मी तिला उद्या पुन्हा उपाशी ये म्हणाले. ती म्हणाली, "येतो बाई. पण पयलं रक्त गेलं कुठं? रस्त्यावर सांडलं? माह्या अंगात तसंही कमीच हाय."

तिनं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर शेंगा फोडत होता. मी सगळं सांगितलं आणि रडले. तुम्ही शेंगा फोडतच राहिलात. मला वाटलं, ऐकलंच नाही. सकाळी उठून पाहते तर तुम्ही गाडीच्या मागच्या बाजूला टेप लावून बसला होता, आणि कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं गाडीचं शेपूट काढलेलं, मापांसकट.

तुम्हाला कॅरिअर घरी बनवायचं होतं, लोखंडी गज वाकवून, आणि त्यावर पत्र्याची पेटी रिबिटांनी कायमची ठोकायची होती. मला दुकानातलं तयार कॅरिअर हवं होतं आणि किल्लीनं उघडणारा, खटकन काढता येणारा डबा. आठ दिवस आपण भांडलो. सासूबाई, म्हणजे माझ्या आत्याबाई, दोघांच्या ताटात भाजी वाढताना म्हणायच्या, "जेवतानी तं त्या डब्याले खाली ठेवा." शेवटी मी माहेरी अकोल्याला गेले तेव्हा तिथल्या बाजारातून डबा आणि कॅरिअर घेऊनच आले. एसटीत डबा मांडीवर, कॅरिअर पायाशी. दारात तुम्ही उभे. डब्यावर बोटानं टकटक केलंत. "पल्लास्टिक," म्हणालात आणि आत निघून गेलात.

मी एकटीनं बसवायला घेतलं. गाडीमागचं धरायचं हँडल काढायचं, त्याच बोल्टांच्या जागी कॅरिअर बसवायचं. कागदावर चित्र होतं, अर्ध्या तासाचं काम लिहिलं होतं. हँडल काढताना एक बोल्ट गंजलेला निघाला, तिथेच तास गेला. कॅरिअर ठेवून पाहिलं तर तीन भोकं जुळली, चौथं अर्धं बोट बाजूला. मी हातोडा शोधायला उठले. तुम्ही खिडकीतून सगळं पाहत होता, हे मला तुमच्या आवाजावरून कळलं.

"हातोडा खाली ठेव."

तुम्ही बाहेर आलात, पोतं टाकलंत, बसलात. मी घट्ट केलेले तिन्ही बोल्ट तुम्ही सैल केले. चौथा हातानंच लावलात, अलगद, दोन आटे. मग पहिला थोडा, समोरचा थोडा, दुसरा थोडा. "एकाले गच्च आवळलं की बाकीचे रुसतेत," म्हणालात. "सगळ्याइले आधी घरात घ्याचं. मंग आवळाचं." चौथं भोक जुळलं. मी तोंडावर राग दाखवत राहिले, पण मनात म्हटलं, या कामाला हा माणूस मला हवा आहे.

पुढचे चार दिवस आपण दोघं त्या कामात होतो. मडगार्ड आणि कॅरिअर यांच्यामध्ये फट राहत होती, तिच्यासाठी तुम्ही लेथवरून लोखंडी नळीचे चार तुकडे कापून आणलेत, केसाइतकाही फरक नाही. साधे नट काढून नायलॉनचे लावलेत, हादऱ्यानं सुटू नयेत म्हणून. सगळं आवळून झाल्यावर कळलं, डावा इंडिकेटर लागत नाही. तुम्ही म्हणालात, बल्ब गेला असेल. मी बल्ब बदलला. लागला नाही. मी म्हटलं, वायर कॅरिअरखाली चेपली असेल. तुम्ही म्हणालात, "माह्या हातानं वायर चेपत नाही." दुपारी मी झोपले, उठून पाहिलं तर सगळं कॅरिअर पुन्हा खोललेलं, पुन्हा बसवलेलं, आणि इंडिकेटर लागत होता. तुम्ही ओट्यावर पेपर वाचत होता. मी विचारलं, "काय झालं होतं?" तुम्ही म्हणालात, "बल्बच होता."

आणि मग आपलं ते मोठं भांडण, जे मिटलंच नाही. डबा कुठे असावा? तुमचं म्हणणं, तो चार बोटं पुढे, मागच्या सीटवर यायला हवा. मागच्या चाकाच्याही मागे वजन टांगलं की गाडीचं तोंड हलकं होतं, हँडल डगमगतं. बोललात ते बरोबरच होतं. पण मग मागे बसायला जागा उरत नव्हती.

"अवं पण बसणार कोण हाय तुह्या मांगं?"

"तुम्ही."

तुम्ही हसलात. इतकं हसलात, की आत्याबाई बाहेर आल्या. "ऐकलं काय? सून मले मांगं बसवून फिरवणार म्हणते." आत्याबाई म्हणाल्या, "मंग बसा ना एखादखेप. चाळीस वर्सं मी बसलीच ना तुमच्या मांगं." त्यावर तुम्ही पाना उचललात, आणि डबा मागेच राहिला.

अंड्यांची गोष्ट मी या दिवसांत कुणालाच सांगितलेली नाही. आत्याबाईंच्या गळ्यात माळ. या घरात अंडं कधी आलेलं नाही. डबा बसला, पण आतली बर्फाची पेटी किती हादरते हे कळावं कसं? तुम्ही कोपऱ्यावरून सहा अंडी आणलीत, पेपरात गुंडाळून, चोरासारखी. पेटीत ठेवलीत आणि नाल्यापलीकडच्या खडीच्या रस्त्यानं एक चक्कर मारून आलात. उघडून पाहिलं, दोन फुटली होती. तुम्ही थेट माळ्यावर चढलात. जिनिंगमधून निवृत्त होताना आणलेला जुन्या पट्ट्याचा तुकडा तुम्ही इतकी वर्षं तिथे जपून ठेवला होता, कशासाठी ते तुम्हालाही माहीत नव्हतं. तो जाड रबर कापून तुम्ही डब्याच्या तळाला बसवलात, चारही बाजूंनी आधार दिलात. दोन नवी अंडी आणलीत. "आता तू चालव," म्हणालात.

मी गेले त्याच रस्त्यानं. परत येऊन डबा उघडला. सहाच्या सहा शाबूत.

तुम्ही एकेक उचलून पाहिलंत. म्हणालात, "रबरानं फरक पडला." मग शेवटचं अंडं खाली ठेवत म्हणालात, "अन् तू खड्डा पाहून चालवतं. मी आदळतो." मामाजी, तुमच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकायचं तर त्यासाठी आधी सहा अंडी लागतात, हे मला त्या दिवशी समजलं. ती अंडी आपण पलीकडच्या गल्लीतल्या चहावाल्याला दिली. त्यानं दोघांपुढे ऑम्लेट ठेवलं. तुम्ही इकडे तिकडे पाहिलंत, "हेबी तपासणीतच येते," म्हणालात आणि खाल्लंत. घरी जाताना तुम्ही मूठभर बडीशेप तोंडात कोंबलीत. आत्याबाईंनी दारातच वास घेतला आणि म्हणाल्या, "एवढी बडीशेप कोण खाते?" मला वाटतं, त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं.

त्या दिवसापासून माझी एकही नळी फुटली नाही. यशोदाबाईचं रक्त मी त्यानंतर तीनदा काढलं, तिन्ही वेळा एकाच टोचणीत काम झालं. तिला मी डबा दाखवला. तिनं त्यावरून हात फिरवला, म्हणाली, "सासऱ्यानं केलं? तुह्यासाठी?" मी हो म्हटलं. तिनं मला एक भोपळा दिला.

भोपळ्यावरून आठवलं. डब्याच्या आत स्टिकर होता, पाच किलोच्या वर ठेवू नये. गावातली माणसं मला संत्री द्यायची, तुरीच्या शेंगा, हरभरा, कुणी वांगी. येताना नळ्या लॅबमध्ये देऊन झाल्या, की मी हे सगळं धुतलेल्या डब्यात भरून घरी आणायची. संध्याकाळी तुम्ही फडकं घेऊन डबा पुसायला यायचात आणि तुमचं सुरू व्हायचं, "हा डब्बा हाय, का बाजार? पाच किलो लिवलं हाय. हे आठ हाय." हातात संत्रं घेऊनच बोलायचात. सोलायचात, अर्धं मला द्यायचात. "चार बोटं पुढं असता, तं आठ किलोबी चाललं असतं," हे दर वेळी. दोन वर्षं, रोज संध्याकाळी, ती पंधरा मिनिटं माझी होती. माझे वडील मी लहान असताना गेले. वडील मुलीशी कशावरून भांडतात, हे मला ठाऊक नव्हतं. कशावरूनही भांडतात.

आता ते सांगते, जे बोलायचं राहिलं.

यंदाच्या संक्रांतीनंतर तुमचे पाय सुजायला लागले. मी म्हटलं, रक्त तपासू. तुम्ही नाही म्हणालात, मग आत्याबाईंनी डोळे वटारल्यावर हात पुढे केलात. सुई टोचताना सगळे सुईकडे नव्हे, भिंतीकडे बघतात. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता. "भल्ला हलका हात हाय तुहा," म्हणालात. मी नळी त्याच डब्यातून नेली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट माझ्याच हातात आला. किडनीचा आकडा मोठा होता. रोज लोकांचे रिपोर्ट वाटणारी बाई मी, मला तो आकडा समजायला डॉक्टर लागला नाही. पाकीट मी डब्याच्या झाकणातल्या कप्प्यात घातलं आणि घरी आले. तुम्ही विचारलंत, "आलं काय माहं?" मी म्हटलं, मशीन बंद आहे, उद्या येईल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. रात्री जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सांगितलं, "किडनीचं थोडं वाढलंय, मामाजी. डॉक्टरांना दाखवू." थोडं म्हणाले. तुम्ही डबा पुसत होता. "बरं," म्हणालात. फडकं पिळून तारेवर टाकलंत. मग म्हणालात, "रविवारी कौंडण्यपूरले जाऊ. तुह्या गाडीवर."

तोवर ती नेहमी "माही गाडी" होती.

त्या रविवारी तुम्ही पांढरा सदरा घातलात, हेल्मेट घातलंत आणि माझ्या मागे बसलात. आत्याबाई फाटकाशी उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी गाडी काढली. वळण आलं, ब्रेक लावायच्या आधीच मला जाणवलं, तुमचा उजवा पाय पायदानावर जोरात दाबला जातोय. पुढचं वळण, पुन्हा. ट्रक समोर आला, पुन्हा. मी ओरडून विचारलं, "मामाजी, पायाला काय होतंय?" तुम्ही ओरडलात, "ब्रेक शोधून राहिलो!" मग रस्ताभर तुम्ही सांगत होता. तरुणपणी एकदा मित्राच्या मागे बसून पडलात, तेव्हापासून दुसऱ्याच्या हातात हँडल असलं की पाय आपोआप ब्रेक दाबतो. लाजेचा प्रश्नच नव्हता. तुम्हाला भीती वाटत होती, आणि भीती सुनेला दिसू नये म्हणून तुम्ही बसत नव्हता. मी मोठ्यानं हसले. तुम्हीही हसलात. "अन् हा डब्बा चार बोटं पुढं असता..." तुम्ही सुरू केलंत. "तर तुम्ही कुठं बसला असता?" मी विचारलं. "टाकीवर," म्हणालात.

कौंडण्यपूरला त्या दिवशी गर्दी नव्हती. कार्तिकातली जत्रा कधीच उठून गेलेली. रुक्मिणीच्या देवळात गेलो, मग घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. वर्धा नदी शांत, पलीकडे कुणीतरी बैल धूत होतं. आत्याबाईंनी दिलेल्या दशम्या आणि ठेचा आपण खाल्ला. मला वाटत होतं, तुम्ही आता आजाराचं बोलाल. मी उत्तरं तयार ठेवली होती. तुम्ही बोललात ते नटांबद्दल. नायलॉनचा नट दोन-तीनदा खोलला की टाकून द्यायचा, तो पुन्हा तितका धरत नाही, हे मला माहीत आहे काय. मी म्हटलं, माहीत नव्हतं. "मंग आता माईत झालं," म्हणालात. चेहऱ्यावर कसलीच घाई नव्हती.

परतताना कुऱ्हा मागे पडलं आणि माझ्या लक्षात आलं, तुमचा पाय दाबला जात नाहीये. वळण गेलं, तरी नाही. एक एसटी अगदी अंगावरून गेली, तरी नाही. मग माझ्या पाठीला हेल्मेट टेकलं. मी घाबरून गाडी हळू केली, एका कडुनिंबाखाली थांबवली. तुमची कंबर डब्याला, डोकं माझ्या पाठीला. तुम्ही झोपला होता.

गाडी थांबल्यावर जागे झालात. "काहून थांबली?"

"तुम्ही झोपलात, मामाजी. पडला असता."

"मी कुठं झोपलो?"

मी पाण्याची बाटली काढली. आपण दोघं तिथे थोडं पाणी प्यायलो. मग तुम्ही हेल्मेटचा पट्टा लावत, दुसरीकडे बघत म्हणालात, "लागली असंन झोप. तू चालवून राहिली होती म्हणून लागली."

मामाजी, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी चांगलं म्हटलंय. त्या वाक्याच्या जवळपास त्यातलं काही येत नाही.

पुढचे महिने दवाखान्याचे होते. ते तुम्हाला माहीत आहेत आणि मला लिहायचे नाहीत. तुम्ही कुरकुर केली नाहीत, हेही लोक सांगतातच. मला मात्र सगळे महिने एकच गोष्ट आत टोचत होती. दोन दिवस. मी दोन दिवस लपवलं, आणि मग सांगितलं तेही अर्धंच. म्हणायचं होतं, चुकले. रोज वाटायचं, आज सांगू. तुम्ही मला काहीतरी काम सांगायचात आणि ते राहून जायचं.

चौदाव्या दिवशी पाहुणे गेले. घर रिकामं झालं. आत्याबाई आणि मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसलो होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, मामाजींचा रिपोर्ट मी दोन दिवस लपवला होता."

त्यांनी हात थांबवला नाही. "त्याइले माईत होतं," म्हणाल्या.

तुम्हाला माहीत होतं! पहिल्याच संध्याकाळी डबा पुसताना तुम्ही झाकणातलं पाकीट काढलंत, चष्मा लावून वाचलंत, जाड छापलेला आकडा आणि त्याच्यापुढची हद्द, फिटरच्या नजरेनं दोन्ही जुळवून पाहिलीत आणि पाकीट होतं तसं परत ठेवलंत. घरात येऊन आत्याबाईंना सांगितलंत. त्या म्हणाल्या, मग विचारा ना पोरीला. तेव्हा तुम्ही म्हणालात, "विचारू नको. मले सांगाचं वझं घेऊन फिरून राहिली थे. फिरू दे. तिच्या टायमानं सांगन."

म्हणजे त्या दोन दिवसांत मी तुम्हाला जपत नव्हते. तुम्ही मला जपत होता. मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि खूप रडले, आणि खरं सांगते, त्या रडण्यानं मला बरंच वाटलं. आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी मला रडू दिलं. माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुह्यावर राग नोयता त्याइचा. माहा मातर होता थोडासाक." मी वर पाहिलं. "दोघंबी हुशार. तू त्याइच्यापासून लपवलं, थे तुह्यापासून. अन् मी दोघाइच्या मंधात, सगळं माईत असून चूप. मले काय कमी वझं होतं?"

हे मला कधी सुचलंच नव्हतं, मामाजी. तुम्हालाही सुचलं नसावं.

आज सकाळी मी निघायच्या तयारीत होते. पेटीत बर्फ भरला, नळ्या मोजल्या. आत्याबाई आल्या, पाटावर बसल्या आणि पदर सावरून हात पुढे केला. "माहं बी काढ रक्त. सगळं तपासाले दे." मी काढलं. त्यांनीही भिंतीकडे पाहिलं नाही. सुई निघाल्यावर कापूस दाबून धरत म्हणाल्या, "अन् जे येईन थे मले पयलं सांगजो. पुरं सांगजो. थोडं-बिडं नाही." मी म्हटलं, "पुरं सांगीन."

चार गावं करून नळ्या दिल्या. आत्याबाईंचा रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. या वेळी मी तो कुठल्याच कप्प्यात ठेवला नाही, कुर्त्याच्या खिशात घातला आणि थेट घरी आले. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या, तोंड रस्त्याकडे. गाडी फाटकाशी उभी केली, हेल्मेट न काढताच तिथून मोठ्यानं सांगितलं, "साखर थोडी... नाही, थोडी नाही, हद्दीपेक्षा आठनं जास्त आहे. रक्त कमी आहे, गोळ्या लागतील. बाकी सगळं चांगलं आहे. किडनीही."

आत्याबाईंनी ऐकलं. मान हलवली. मग उठून आत जाता जाता म्हणाल्या, "बरं मंग, टोपलं काढ डोक्यावरचं अन् जेवाले ये. भाकर थंडी होऊन राहिली."